बांधापासून दिल्लीपर्यंत : होतकरू पक्षकारांसाठी मार्गदर्शन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. म्हणीतली पायरी एकच आहे, हे ध्यानात घ्या. दिवाणी दाव्याला सरळ मोजल्या तरी चार पायऱ्या असतात आणि वरच्या तिन्हींबद्दल म्हण अवाक्षर काढत नाही. तेव्हा पहिली चढून झाली असेल, तर शहाणपणाचा प्रश्न मिटलाच. आता पद्धतशीर चढावे.

आधी विषय निवडा. खून, दरोडा टाळावेत. त्यात सरकार मध्ये पडते आणि आपल्या हातात काही राहत नाही. सर्वांत उत्तम विषय म्हणजे बांध. चुलतभावाने नांगरताना दोन फूट कोरला, एवढे पुरे. जागा लहान, इभ्रत मोठी आणि सातबारा दोघांकडेही. सातबाऱ्यावर क्षेत्र असते, बांध कुठून जातो ते नसते, ही महसूल खात्याची वकीलवर्गावर जुनी कृपा आहे.

तालुक्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्यापुढे दावा लावा. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. कोर्टाच्या आवारात त्याला ‘निशाणी पाच’ म्हणतात. नवखा पक्षकार दाव्याच्या निकालाकडे डोळे लावून बसतो, जाणता निशाणी पाचकडे. मनाई हुकूम मिळाला की निकाल लागेपर्यंत समोरच्याचा नांगर थांबतो, आणि ‘निकाल लागेपर्यंत’ या दोन शब्दांत बांधापेक्षा पुष्कळ जास्त जागा असते.

प्रतिवादीने ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत कैफियत द्यावी, आणि सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलेले आहे. वाचून घाबरू नका. अपवादात्मक परिस्थितीत सवलत देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले, आणि आपल्याकडे अपवादात्मक परिस्थिती दर पंधरवड्याला येते. मोजणीदार निवडणुकीच्या कामाला गेलेला असतो, समोरच्याचा ‘से’, म्हणजे लेखी जबाब, आलेला नसतो, साक्षीदाराच्या घरी हळद असते. हल्ली ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख घरबसल्या कळते. तरी तारखेला स्वतः जावे, कारण समोरचा जातो. दोघे एकाच एसटीने येतात, एकाच टपरीवर चहा घेतात. फक्त बाकडी वेगळी.

निकाल विरुद्ध गेला तर खचू नका. बाजूने लागला तर मात्र सावध राहा, हे मार्गदर्शन समोरच्यानेही वाचलेले असते.

अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा, कारण खरी नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. कचेरीच्या संथपणाचा नागरिकाला थेट फायदा व्हावा, असा दुसरा कायदा मला माहीत नाही. तरीही उशीर झालाच, तर मुदतीच्या कायद्याचे कलम ५ आहे. विलंबमाफीच्या अर्जाला डॉक्टरचा दाखला जोडतात. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा : अपील दाखल झाले म्हणजे स्थगिती मिळाली असे नाही. तिचा अर्ज वेगळा. अपील करून स्थगिती न घेणारा पक्षकार वर भांडत राहतो आणि खाली त्याच्या बांधावर समोरच्याची तूर उगवते.

जिल्हा न्यायालयात पुराव्याची उजळणी होते, पण साक्षीदार सहसा पुन्हा बोलावत नाहीत. बांध आता कागदावर गेला. कोर्ट कमिशनरचा नकाशा, उलटतपासातली चार वाक्ये, निशाण्यांचे आकडे. कधी हे न्यायालय प्रकरण फेरनिर्णयासाठी पुन्हा तालुक्याला धाडते. अशा वेळी दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटते, म्हणून हा निकाल सर्वांत लोकप्रिय.

उच्च न्यायालयात काम नाजूक होते. १९७६ च्या दुरुस्तीपासून दुसरे अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालते. तिथे बांध हा शब्द तोंडातून काढू नये. बांध ही वस्तुस्थिती आहे आणि तिची विल्हेवाट खाली लागली आहे. ‘नकाशा सिद्ध न करताच पुराव्यात वाचता येतो काय?’ अशा धाटणीचा प्रश्न वकिलांकडून काढून घ्यावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसू लागल्याने सातारा-सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. चांगलेच झाले. पूर्वी प्रवासखर्चाच्या धाकाने काही चुलतभाऊ आपसात मिटवून टाकत. आता भांडण परवडते.

दरम्यान कोणी वारले, तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्या, नाहीतर त्या पक्षापुरते अपील आपोआप संपते. त्यामुळे समोरच्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे, याची बित्तंबातमी असावी. बोलणे बंद असल्याने ती तिसऱ्यामार्फत घ्यावी. गावाला वाटते, चुलत्याची काळजी आहे.

दिल्लीत संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष परवानगीची याचिका करतात. इथे अपील हा तुमचा हक्क नाही, न्यायालयाची मर्जी आहे. बांध सोडाच, तुमचा कायद्याचा प्रश्नही नव्हे. तुमचे ऐकावे की नाही, एवढाच मुद्दा असतो. पुष्कळ याचिका काही मिनिटांत, एका ओळीत संपतात. मग पुनर्विलोकन, जे न्यायमूर्ती बहुधा दालनात कागद फिरवून, वकिलांना न बोलावता ठरवतात. तेही गेले तर २००२ च्या रूपा हुर्रा निकालाने दिलेली क्युरेटिव्ह याचिका, पण तिला ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र लागते. बांधासाठी ते मिळेल अशी आशा धरू नये, पण नाव ऐकून ठेवावे. चावडीवर उपयोगी पडते.

समजा, शेवटी तुम्ही जिंकलात. हिंदुस्थानातल्या पक्षकाराची खरी अडचण हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होते, अशा अर्थाचे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच म्हणून ठेवले आहे. आता अंमलबजावणीची दरखास्त. तिला मुदत १२ वर्षे. ती तालुक्यालाच लागते. बेलिफ, पंच, मोजणीदार आणि पोलीस बंदोबस्त असा लवाजमा शेतावर येतो, आणि इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी विचारते, ‘बांध नक्की कुठाय?’ तेवढ्यात चुलतभावाचा मेव्हणा पुढे होतो. ही पट्टी दाव्याच्या आधीपासून माझ्या ताब्यात आहे, म्हणतो. त्याचे खरे असो वा खोटे, दरखास्तीतच त्याची हरकत ऐकून निर्णय द्यावा लागतो. त्या निर्णयाला हुकूमनाम्याचे बळ असते, म्हणजे त्यावर अपील चालते. मुदत ३० दिवस.