एक मावशी, दोन बिऱ्हाडं : हिशेबाची रीत

दोन घरांत मिळून मुलं सांभाळायला एक मावशी ठेवायच्या असतील, तर आधी एक्सेल शीट उघडावी. मावशींना नंतर बोलावलं तरी चालतं. सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार असल्याने पाण्याच्या टँकरपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सगळं मी घरटी भागून दिलेलं आहे. पण ३०४ आणि ५०२ नंबरवाले मावशी भागायला घेऊन आले, तेव्हा पहिल्यांदाच बाकी उरली.

सोपं उदाहरण घेऊ. एक मूल दिवसभर सांभाळायचे, समजा, महिना १५,००० रुपये. दुसरं मूल आलं की भागिले दोन, घरटी ७,५००. हे गणित इतकं देखणं आहे की त्यात पोरं दुप्पट झाली, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. कोणी आणून दिलंच, तर “अहो, दोघं एकमेकांशी खेळतात, उलट काम कमीच झालं” असं म्हणावं. हे वाक्य रात्री जेवणानंतर बोलावं. सकाळी अकराला, एकाच्या तोंडात खिमट आणि दुसऱ्याची शू फरशीवर असताना, बोलू नये.

भिडस्त मंडळींसाठी एक परदेशी रीतही आहे. तिकडे याला नॅनी शेअर म्हणतात, आणि ढोबळ हिशेब असा की प्रत्येक घराने एकट्याच्या दराचे साधारण दोन-तृतीयांश द्यावेत. म्हणजे घरटी १०,०००, मावशींच्या हातात २०,०००. घराचे पाच हजार वाचतात, मावशींचे पाच हजार वाढतात. यात कोणाचाच तोटा होत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे ही रीत रुजत नसावी. समोरच्याचं काही गेलंच नाही, तर आपण घासाघीस केली हे घरी सांगायचं कसं?

सुट्टीचं कलम नीट वाचावं. ३०४ गावाला गेले, तर त्यांनी आपले पैसे कापावेत. आणि ‘आता एकच मूल आहे’ म्हणून ५०२नेही थोडे कापावेत. आपण गेलो तर ती ट्रिप, मावशी गेल्या तर तो खाडा. (१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. ही आठवण बैठकीत काढू नये, चहा थंड होतो.) २००८ साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण दोन घरांच्या मावशींचा दर त्यात लिहिलेला नाही. तेवढ्या रिकाम्या जागेत आमची शीट बसते.

दिवाळीचा बोनस एक पगार. पण ३०४च्या मते आपण देतो तोच मुळात अर्धा पगार, त्याचा अर्धा बोनस पुरे. म्हणजे चौथाई. मराठ्यांनी चौथाई वसूल केली होती, दिली नव्हती, हा तपशील मी सुचवून पाहिला.

मावशींची नात वस्तीत शेजारणीकडे असते, तिला त्या पैसे देतात. शेजारणीकडे अजून दोन पोरं आहेत असं कळल्यावर मी सवयीने विचारलं, “मग तुमचे कमी नाही करून घेतले?”

“कमी कशाला? तिसरं आलं तेव्हा आम्ही तिघींनी दोन-दोनशे वाढवले. हात दोनच आहेत ना तिला, काका.”