आतून गुळगुळीत

हैदराबादच्या कुकटपल्लीत, विशेषतः केपीएचबी कॉलनीत, गाडी बुटकी करून हिंडणारा जो तरुण दिसतो, त्याला ओळखायला गाडी बघावी लागत नाही. मागे खोळंबलेल्या ऑटोंचे हॉर्न पुरतात. गतिरोधक आला की हा जवळजवळ थांबतो, गाडी तिरपी करतो आणि नव्या नवरीने माप ओलांडावं तसं एकेक चाक अलगद पलीकडे उतरवतो. गाव सोलापूर, लातूर नाहीतर नांदेडकडचं, नोकरी हायटेक सिटीत, आणि सणावाराला महामार्ग 65 धरून घरी जाणं. कंपनीने गाडीला जमिनीपासून 165 मिलिमीटर उंची दिली होती. त्यातली 40 याने स्वखुशीने, वर पैसे मोजून, परत केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे कागदावर अजून जेमतेम दीड बोट जागा उरते. गल्लीतला गतिरोधक मात्र कागद वाचून बांधलेला नसतो.

या गृहस्थाचं कायमचं दुखणं एकच, टायर. वर्ष सरायच्या आत पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गुळगुळीत होते आणि बाहेरची नक्षी नवी कोरी राहते. वरून कीर्तन, आतून तमाशा. याचा दोष तो महापालिकेला देतो, टायरच्या कंपनीला देतो, मेट्रोच्या खांबांखालच्या उखडलेल्या डांबराला देतो. आणि अगदी निरुपाय झाला तर ‘कॅम्बर’ हा शब्द काढतो. समोरून पाहता चाकं वरच्या बाजूला आत कलतात, तो कॅम्बर. तो शब्द उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख कमी आणि अभिमान जास्त असतो, कारण तो कल त्याला मुळात हवाच असतो. पण हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं झालं. खरा चोर बहुतेक वेळा ‘टो’ असतो: वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं नाकासमोर आहेत की फाकलेली, याचा हिशेब. स्प्रिंग आखूड केली की खालची आर्म आणि स्टिअरिंगचा टाय-रॉड दोन्ही वर सरकतात, पण एकाच कमानीत नाही. त्या फरकाने चाकाचं तोंड फिरतं. एक चाक अर्धा अंश जरी तिरकं राहिलं, तरी दर किलोमीटरला ते जवळपास 9 मीटर आडवं घासतं. सोलापूर येईपर्यंत हा टायर अडीच किलोमीटर आडवा चाललेला असतो. अशा वेळी कॅम्बर फक्त ही झीज नेमकी कुठे व्हायची ते ठरवतो. पुरावा हाताला लागतो: नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत लागलं, तर कॅम्बरला बोल लावायला हरकत नाही. हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा.

यावर त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘हात सोडले तरी गाडी सरळ जाते.’ जाणारच. दोन्ही चाकं सारखीच फाकली असतील तर त्यांची ओढ एकमेकांना कापते. गाडी सरळ जाते आणि दोन्ही बाजूंचे टायर खर्ची पडतात. दुसरं उत्तर, ‘अलाइनमेंट केली होती.’ केली होती, पण स्प्रिंग बसवली त्याच संध्याकाळी. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर बसत जातात, तेव्हा खरं माप त्यानंतरचं. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत दुकानदाराला फिरवता येतो तो पुढचा टोच. कॅम्बरचा आकडा पडद्यावर लाल दिसतो, दुकानदार मान हलवतो, हाही मान हलवतो. जिथे स्ट्रट दोन बोल्टांनी धरलेला असतो, तिथे कॅम्बर बोल्ट घालून थोडा कल परत घेता येतो, हे याला ठाऊक असतं. तेवढा कल गेला तर फोटोत काय उरलं, हा त्याचा प्रश्न. रस्त्याबद्दलची तक्रार मात्र निम्मी खरी आहे: खड्ड्याने टो बिघडतो. पण मग इतरांपेक्षा याने जास्त वेळा माप घ्यायला हवं, कमी वेळा नव्हे.

‘मग गाडी पुन्हा उंच करा की,’ असं शहाणी माणसं म्हणतात, आणि मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या फेरफारांना आळा घालणाऱ्या कलम 52 वरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहता त्यांचं वजन थोडं जास्त भरतं. तरी टायरच्या बाबतीत मी या तरुणाच्या बाजूने आहे. बुटकी गाडी टायर खाते हे खरं नाही. मोजमाप न केलेली गाडी खाते. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढेमागे करणं आणि महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून आतली कड बघणं, यात अवघड काय आहे? अवघड वाकणं आहे. हेडलाइट, स्टिकर, एक्झॉस्ट यांवर हजारो उधळणारा हा माणूस काहीशे रुपयांच्या अलाइनमेंटला कंजूष होतो, कारण अर्ध्या अंशाचा फोटो निघत नाही.

एक तोडगा तर जवळजवळ फुकटात पडतो. आतबाहेर आणि फिरण्याची दिशा न ठरलेला टायर रिमवरून उतरवून उलटा चढवता येतो. नक्षी अजून 1.6 मिलिमीटरच्या वर असेल आणि तारा दिसू लागल्या नसतील, तर झिजलेली कड बाहेर जाते आणि कोरी कड आत काम करू लागते. टायरवाला हे सुचवतो, तेव्हा हा गंभीर होऊन म्हणतो, ‘नको अन्ना, टक्कल सगळ्यांना दिसेल,’ आणि नवी जोडी घालायला सांगतो.