स्टोक कांग्री आणि तूरडाळ : एक चिकित्सा

लडाखमधील लेहच्या नैर्ऋत्येस असलेले स्टोक कांग्री हे ६,१५३ मीटर उंचीचे शिखर ‘ट्रेकिंग पीक’ या वर्गात मोडते, म्हणजेच तेथे जाण्यास गिर्यारोहणाचे विशेष कौशल्य लागत नाही, असे ज्यांच्याकडे ते कौशल्य असते त्यांचे मत आहे. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्या पथकात थोडे तंदुरुस्त, थोडे नकाशावाचक आणि उरलेले सर्व जेवणाबाबत आग्रही असत. प्रस्तुत लेखक तिसऱ्या गटातील असल्याने त्याच्या सॅकमध्ये लोकरी कपड्यांची जागा तूरडाळ, गोडा मसाला आणि आमसुले यांनी घेतली होती. थंडीसाठीची चरबी त्याने घरूनच अंगावर आणली आहे, असा निर्वाळा सहप्रवाशांनी दिला होता.

स्टोक गावात लडाखच्या राजघराण्याचा राजवाडा आहे. तो बाहेरून पाहण्यात आला. पुढे चांगमा आणि मनकोर्मा हे मुक्काम मागे टाकून पथक सुमारे ५,००० मीटरवरील बेस कॅम्पला पोहोचले आणि वरणभाताचा बेत ठरला.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचितच अधिक असल्याने पाणी साधारण ८३ अंश सेल्सिअसला उकळते आणि कितीही जाळ केला तरी त्यापुढे तापत नाही, त्यामुळे डाळ उड्या मारते, शिजत नाही. कुकर वाफ कोंडून दाब वाढवतो आणि ही अडचण दूर करतो. मात्र वाफ कोंडते ती झाकणातील रबरी रिंगमुळे, आणि ती रिंग लेहमधील मुक्कामाच्या खिडकीत, स्वच्छ धुऊन, वाळत पडली होती. जबाबदारी निश्चित करण्यासाठी भरलेली बैठक धाप लागल्याने तहकूब झाली. मग झाकणाची फट कणकेने लिंपण्यात आली. वाफेने ती कणीक फोडून लेखकाच्या चष्म्यावर थापली. रॉकेल संपत आले तरी डाळ छर्ऱ्यांसारखीच राहिली. ‘मॅगी आणायला हवी होती’ हे वाक्य पुन्हापुन्हा उच्चारणाऱ्या सदस्याला त्याच रात्री परत पाठवण्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नाही, ही त्या नियमावल्यांची उणीव होय.

अखेरीस पथकासोबतच्या वयस्क घोडेवाल्याने आपली पिशवी सोडली. लोणी आणि मीठ घालून घुसळलेल्या गुरगुर चहात त्याने भाजलेल्या सातूचे पीठ कालवले आणि त्याचा गोळा लेखकाच्या ताटलीत ठेवला. पाण्याला उकळण्याची मर्यादा असते, भाजण्याला ती नसते. म्हणून धान्य गावातच भाजून दळून घेतले की डोंगरावर शिजवण्याचा प्रश्नच उरत नाही. नंतर त्याने ती डाळही मागून घेतली, बराच वेळ चावली आणि ‘अच्छा है’ म्हणाला. इतक्या मायेने खोटे बोलणारे माणूस लेखकाला घरीही भेटलेले नाही.

रात्री गोठलेले बर्फ उन्हाने भुसभुशीत होण्यापूर्वी परतता यावे म्हणून चढाई मध्यरात्री सुरू झाली. तंदुरुस्तांनी माथ्यावरून काराकोरमच्या रांगा पाहिल्या. लेखक शिखराच्या खांद्यावर बसून त्यांच्या सॅक सांभाळत होता.

वाढती वर्दळ आणि कचरा यांचा ताण स्टोक गावाच्या पाण्यावर पडू लागल्याने २०२० पासून हे शिखर चढाईसाठी बंद करण्यात आले, आणि ते योग्यच झाले. लडाखमधील अन्य शिखरांकडे निघालेल्यांनी आपला कचरा परत आणावा, सातूचे पीठ सोबत न्यावे आणि तूरडाळ घरी ठेवावी.