पाणी पाळणारे नाना

मुरुड म्हटलं की लोक जंजिऱ्याचं धरून चालतात. आमचं मुरुड दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. जवळच हर्णै बंदर, तिथे संध्याकाळी वाळूवर माशांचा लिलाव पुकारतात. अशा मुलखात ओटीवर काचेची टाकी मांडून मासे पाळायचे म्हणजे आगरात राहून कुंडीत माड लावण्यासारखं. तरी आळीगणिक एखादे नाना सापडतातच. जन्म मुंबईच्या नोकरीत गेलेला, निवृत्तीनंतर घराची कौलं नवी केलेली, आणि टेम्पोतून आलेल्या सामानात गोदरेजच्या कपाटापेक्षा जास्त गाद्या-गोधड्या ज्या वस्तूभोवती गुंडाळलेल्या, ती ही टाकी.

नाना मासे पाळतात असा लोकांचा समज आहे. नाना पाणी पाळतात. मासे हे त्या पाण्याचे भाडेकरू.

टाकी मांडली तेव्हाच हे गावाच्या ध्यानात यायला हवं होतं. वाळू अंथरली, पाणी भरलं, दिवा लागला, बुडबुडे सुरू झाले आणि पुढे दीड महिना आत काहीच नाही. येणाराजाणारा काचेला नाक लावून मासे शोधायचा. नाना सांगायचे, "आधी जीवाणू यायला हवेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. ही मंडळी वसायला चार ते सहा आठवडे लागतात." मासळीची पाटी घेऊन दारात आलेल्या बाईने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पर ह्यो मासा खायाचा न्हाय, तर पाळायचा कशाला?" नानांकडे याचं उत्तर नव्हतं. त्यांनी बांगडे घेतले.

यात नाना शंभर टक्के बरोबर होते, हे मात्र सांगायला हवं. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणाऱ्यांचे मासे आठवड्याभरात उलटे तरंगतात आणि खापर दुकानदारावर फुटतं.

बरोबर नसायचे ते विहिरीच्या बाबतीत. मुंबईच्या नळाला क्लोरीन, म्हणून पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं, शिवाय क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचे, ही सवय हाडात मुरलेली. घरच्या विहिरीला क्लोरीन कुठला? तरी पडवीत बादल्यांची रांग चोवीस तास 'निवत' असायची आणि काकू त्यातल्याच पाण्याने पडवी धुवायच्या. अखेर एकदा पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनच, टाकली. त्या दिवशी नानांचा चेहरा असा उजळला होता की पावडर टाकणारा माणूस गोंधळलाच.

जांभ्या दगडातलं पाणी तसं गोड आणि हलकं. क्षार कमी, त्यामुळे साबणाला फेस भरपूर, डाळ लवकर शिजते. पण त्यात सामू सावरून धरणारे क्षारही कमीच, म्हणून तो भराभर घसरतो. सामू म्हणजे पीएच. ही मोजपट्टी 1909 साली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने बसवली, तीही कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत. आयुष्यात कोकम सरबतापलीकडे न गेलेले नाना बिअरच्या या देणगीचा उपयोग दिवसातून दोनदा करतात. आकडा सातच्या खाली गेला की किनाऱ्यावरून आणलेले शिंपले उकळून टाकीत टाकतात. शिंपल्यात चुना, तो हळूहळू विरघळतो. पण 'हळूहळू' हे रसायनशास्त्रात चालतं, नानांना चालत नाही. तिसऱ्या दिवशी आणखी शिंपले. मग आकडा वर जातो. मग अंगणातल्या बदामाची वाळकी पानं, कारण ती पाणी किंचित आंबट करतात. पाण्याला चहाचा रंग येतो. मासे बिचारे या आठवड्यात समुद्रात आणि पुढच्या आठवड्यात झाडाखाली.

अमोनिया तपासणं हा घरातला सोहळा. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, त्यात बाटल्यांमधले थेंब, मग पाच मिनिटं थांबायचं. त्या काळात ओटीवर कुणी बोलायचं नाही. पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. भांडण मधल्या छटांचं. नाना नळी पांढऱ्या कागदापुढे धरतात, चष्मा लावतात, काढतात, आणि शेवटी आत हाक जाते. "अगं, ही लिंबी की पोपटी?" साड्या निवडण्यात हयात गेलेल्या काकू दारातूनच निकाल देतात, "अहो, लिंबीच. मागच्या मंगळवारी होता तो पोपटी." वहीत नोंद होते. शेरा नानांचा, डोळे काकूंचे.

मे महिन्यात विहीर खोल जाते, समुद्राची बाजू आत सरकू लागते. विरघळलेले क्षार मोजणारी पेनासारखी वस्तू नाना सकाळ-संध्याकाळ पाण्यात बुडवतात. आकडा वाढला की वाढण्याचं कारण सांगतात. उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून कमी झालेल्या पाण्यावर तेच पाणी ओतत राहिलं की क्षार साठत जातात. हे ऐकता ऐकता काकूंनी कधीच चहाचा घोट घेऊन "मचूळ झालं हो पाणी" म्हटलेलं असतं. पेन दोन दिवसांनी त्यांच्याशी सहमत होतं.

नानांची चेष्टा मी मनसोक्त करतो, पण 3 जून 2020 सोडून. त्या दिवशी निसर्ग वादळाने दापोलीचा किनारा झोडपून काढला. पोफळी मोडल्या, कौलं उडाली, वीज गेली ती कितीतरी दिवसांसाठी. टाकीतला पंप बंद, म्हणजे प्राणवायू बंद. दिवसभर कौलं गोळा करून आलेले नाना रात्री कंदिलाच्या उजेडात तांब्याने टाकीतलं पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत बसायचे, कारण पाण्याचा पृष्ठभाग हलला की हवा मिसळते. थकले की काकू तांब्या हातात घ्यायच्या. विद्यार्थी कर्वे परीक्षेसाठी या गावातून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, तर वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. चिकाटीला मुरुडात अशी जुनी परंपरा आहे. टाकीतले गप्पी मासे वाचले. एंजल गेले.

जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्याकडची एकजण पेटी घेऊन विहिरीवर आली, तेव्हा नाना आपली पेटी घेऊन आधीच काठावर हजर. दोन्ही पेट्या उघडल्या, बाटल्यांची तुलना झाली. निघताना नानांनी तिला आग्रहाने ओटीवर नेलं आणि टाकीतलं नायट्रेट पाहायला लावलं. रंग गडद झाला. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा, हे त्याच्या वर. ती गंभीर झाली. "नाना, हे पाणी पिण्यास अयोग्य आहे."

"नायट्रेट आलं? म्हणजे चक्र पुरं झालं!" नाना जवळजवळ ओरडलेच. "अगं, ऐकलंस का? पाव पाणी आजच बदलतो. पण बाई, हे जरा कागदावर लिहून द्या. खाली सही करा, आणि तारीख घाला."

काकूंनी पेन आणून दिलं. क्षार मोजायचं नव्हे, लिहायचं.