चारला दिवस मावळतो

डिसेंबरात सहकुटुंब युरोपला निघालात की जो भेटेल तो विचारतो, ‘किती देश?’ उजेड किती तास, हे कुणीच विचारत नाही.

विचारायला हवं. २१ डिसेंबरच्या आसपास प्रागमध्ये सूर्य आठला उगवतो आणि चारला मावळतो. व्हिएन्ना, बुडापेस्टलाही चारच्या सुमारास दिवेलागण. पॅरिसमध्ये उजाडायलाच पावणेनऊ होतात. त्याच दिवशी पुण्यात अकरा तास लख्ख दिवस असतो. म्हणजे रोजचे तीन तास तिकीट काढतानाच वजा झाले.

आता बारा दिवसांत सहा शहरं बसवा. एक हॉटेल अकराला खोली रिकामी करायला लावतं, दुसरं तीनला ताब्यात देतं. मधले चार तास बॅगा, स्टेशन, गाडी आणि पुन्हा बॅगा. आठातले चार तिथेच संपले. असं पाच वेळा.

मग बघितलं काय? स्टेशनं.

‘अहो, जवळ तर आहे सगळं!’ आहेच. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत. पण फलाटावर लाल डगल्यातला हमाल धावत येत नाही. जुन्या शहरांत दगडी फरसबंदी, तीवर बॅगेची चाकं अडकतात. बापाच्या दोन्ही हातांत बॅगा, आईच्या हातात धाकटं. आजोबांचा हात कुणी धरायचा?

आराखडा घरातल्या सगळ्यात तरण्या माणसाच्या पायांनी आखला जातो. चालायचं मात्र सगळ्यात थकलेल्या गुडघ्यांनी.

पुढची गंमत नाताळच्या बाजारांची. फोटो बघून सगळं घर हरखतं आणि शाळेची सुट्टी लागली की विमानात बसतं. न्यूरेंबर्गचा जगप्रसिद्ध बाजार २४ डिसेंबरलाच आटोपतो. कोलोनच्या कॅथेड्रलसमोरचा त्याच्याही आदल्या दिवशी. तुम्ही २६ला पोचता तेव्हा तिथे लाकडी टपऱ्या उतरवणारी माणसं असतात. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार मात्र ६ जानेवारीपर्यंत चालतो. ही एवढी तारीख बघायला किती वेळ लागतो?

आणि ऐन नाताळात? जर्मनी, ऑस्ट्रियात २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही सुट्ट्या. रविवारी दुकानं एरवीही बंदच. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते. शुक्रवार, शनिवार, रविवार, सलग तीन दिवस वाण्याचं दुकान बंद. दूध आणि पाव २४च्या सकाळीच घेऊन ठेवा. विसरलात तर मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान हाच आधार.

‘एवढं जातोच आहोत तर लंडनही करून घेऊ.’ घ्या की. शेंगेन व्हिसात २९ देश येतात, ब्रिटन त्यांत नाही. वेगळा अर्ज, वेगळे पैसे. वर २५ डिसेंबरला लंडनची मेट्रोही बंद आणि बसही बंद.

चालत बघणार का लंडन?

शेंगेनचा नियम सरळ आहे. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथून आत शिरणार, त्या देशाकडे. तरी लोक ज्या देशाची अपॉइंटमेंट मिळाली त्याच्याकडे अर्ज टाकतात आणि हॉटेलांची बुकिंगं मागाहून वाकवतात. हा कागदी खेळ पकडला गेला तर अख्ख्या घराची सुट्टी जाते. मोठ्यांचे प्रत्येकी ९० युरो जातात ते वेगळेच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, अडलं तर ४५. डिसेंबरच्या प्रवासासाठी नोव्हेंबरात जागं होण्याचं कारण काय?

स्वित्झर्लंड हवंच असेल तर युंगफ्राउयोखचं तिकीट आधीच काढून मोकळे होऊ नका. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. ढग उतरले की वर फक्त पांढरं दिसतं, आणि तिथल्या विरळ हवेत वयस्कांना दम लागतो तो निराळा. वरचा कॅमेरा सकाळी इंटरनेटवर दिसतो. तो बघा आणि मग निघा. त्यासाठी हाताशी एक मोकळा दिवस लागतो. सहा शहरांच्या आराखड्यात तो असतो का?

पॅरिसचं लुव्र मंगळवारी बंद, २५ डिसेंबरला आणि १ जानेवारीलाही बंद. २०२६पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना तिकीट ३२ युरो. अठराखालच्यांना फुकट. एवढे पैसे मोजून मोनालिसासमोर फोटो काढून धावतपळत बाहेर पडायचं असेल, तर आत जाऊच नका.

आणि ट्युलिप? ती मार्चच्या उत्तरार्धापासून. डिसेंबरात कोयकेनहोफच्या बागेला कुलूप असतं.

कपड्यांचं एकच. जॅकेटवर हजारो उधळून बुटांत काटकसर करू नका. शहरांत बर्फ पडेलच असं नाही, रिमझिम मात्र हमखास. पाय ओले झाले की चिमुरडी तासाभरात रडकुंडीला येतात. आणि खोल्या उबदार असतात, म्हणून एका जाड कोटापेक्षा अंगावर पातळ थर बरे.

माझं मत विचाराल तर प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. बारा दिवस, तीन शहरं, दोनच स्थलांतरं. चलनं मात्र तीन: कोरुना, युरो, फोरिंट. बुडापेस्टला अंधार पडला की २ नंबरच्या ट्राममध्ये खिडकीशी बसा. दान्यूबच्या काठाने, उजळलेल्या संसदेजवळून ती जाते. चारला मावळलेला दिवस तिथे थोडा वसूल होतो, तोही बसल्या जागी, गुडघ्यांना त्रास न देता. तिथल्याच सेचेनी स्नानगृहाच्या कुंडांत थंडीतही उघड्यावर गरम पाण्यात बसता येतं. पाठ धरलेल्या बाबांना याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ कोणतं?

हे सगळं ठरवताना आईला एकदा तरी विचारलंत का, तिला काय बघायचंय? ‘तिला काय, आपण नेऊ तिथे ती येईल.’

येईल. ती तशीच येत आली आहे. तिकिटं काढायच्या आधी विचारा.