मोत्याचे दफ्तर

विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे या नात्याने मलकापुरास कारकुनांची वाण कधीच नव्हती. पुढे जहागीर गेली, परंतु कारकुनी गेली नाही, आणि तिचा उरलासुरला अंमल हल्ली तात्यांच्या पडवीत मोत्या नामक निरुपद्रवी श्वानावर चालू आहे. पेन्शनीत निघालेल्या ज्या गृहस्थास हुकमत चालवण्यास घरात कोणी उरत नाही, तो बहुधा कुत्र्याच्या प्रकृतीचा चार्ज घेतो. असे तात्या गावोगाव आहेत.

तात्यांनी जीवनसत्त्वांची रीतसर खतावणी ठेवली आहे. ब वर्ग व क ही पाण्यात विरघळणारी, म्हणून रोजच्या खर्ची. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळून अंगात साठणारी, म्हणून शिलकेस. कुत्र्याच्या पिलांना मुडदूस जडवून तो कॉड लिव्हर ऑइलने आवरणारे मेलनबी, आणि १९३७ साली कुत्र्यांची 'काळी जीभ' निकोटिनिक आम्लाने बरी करणारे एल्व्हेजेम, या दोघांचा उल्लेख ते खात्यातील जुन्या वरिष्ठांप्रमाणे आदराने करतात. शाळी नदीकाठी कोणी परिचित भेटला की ''मोत्या, जीभ!'' असा हुकूम सुटतो. मोत्या बिस्किटाच्या आशेने जबडा वासतो, आणि ती गुलाबी जीभ पुराव्यादाखल पाहिल्यावाचून त्या इसमास पुढे जाता येत नाही.

आंब्याकडून येणारा पाऊस घटकाभर उघडला, की ड जीवनसत्त्वाच्या वसुलीसाठी मोत्यास अंगणात हजर केले जाई. अखेर गुरांच्या डॉक्टरांनी खुलासा केला, की कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसे बनत नाही, अन्नातूनच मिळावे लागते. मात्र त्याची शिल्लक फाजील झाली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे निकामी होतात, सबब वरचे थेंब बंद! तात्यांनी ते निमूटपणे टिपून घेतले. तोच डॉक्टरांची नजर मोत्याच्या दूधभाकरीशेजारी चिरून ठेवलेल्या लिंबाकडे गेली.

''तात्यासाहेब, क जीवनसत्त्व कुत्र्याचं यकृत स्वतःच तयार करतं. माणसाचं करत नाही. हे लिंबू तुम्ही घेत चला.''

''मी तरी दुसरं काय सांगते!'' माजघरातून काकूंचा आवाज आला.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोत्याकडे आपादमस्तक पाहिले आणि व्यथित स्वरात विचारले, ''म्हणजे इतकी वर्षं हा आमच्या मंजुरीवाचून परस्पर कारखाना चालवतो आहे?''