तीन दिवसांत वैद्यकीय शिक्षक कसे व्हावे?

एमडी किंवा एमएस झाले की शिकवता येतेच, असा समज वैद्यकीय महाविद्यालयांत अनेक पिढ्या नांदला. 2009 पासून भारतीय वैद्यक परिषदेने शिकवणाऱ्यांनाच शिकवायचे मनावर घेतले आणि तो कागदोपत्री तरी मोडीत निघाला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या नियमांनी सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी वैद्यकीय शिक्षण तंत्राचा बेसिक कोर्स सक्तीचा केला. तेव्हापासून बढतीची फाइल हलू लागली की अध्यापनशास्त्राची ओढ आपोआप लागते. ही ओढ खरी असते, तिच्यावर संशय घेऊ नये.

हा कोर्स म्हणजे तीन दिवसांची कार्यशाळा, आणि तिची पहिली पायरी रजेची. माणसे कार्यशाळेला गेली तर ओपीडी कोण बघणार, असे विभागप्रमुख विचारतातच. त्यावर नम्रपणे "सर, इन्स्पेक्शन येतंय" एवढेच म्हणावे. या वाक्यापुढे ओपीडीच काय, ऑपरेशन थिएटरही नमते.

सकाळी प्री-टेस्ट होते. तीत कमी गुण पडले तर खंत करू नये. पोस्ट-टेस्टमध्ये प्रगती दिसायला जागा लागते.

मग येतात उद्दिष्टे. बेंजामिन ब्लूम यांनी 1956 मध्ये मांडलेली शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड इथे कुलदैवताच्या जागी असते. उद्दिष्टातले क्रियापद मोजता येण्याजोगे हवे, हा पहिला नियम. त्यामुळे 'समजणे' आणि 'जाणणे' या दोघांना प्रवेश नाही. 'विद्यार्थ्याला मधुमेह समजेल' असे लिहिले की कार्यशाळा घेणाऱ्या रिसोर्स फॅकल्टीच्या कपाळावर आठी पडते. 'विद्यार्थी मधुमेहाची पाच लक्षणे सांगेल' लिहिले की ती जाते. म्हणजे मधुमेह समजला नाही तरी चालेल, असा अर्थ काढू नये. काढायचाच झाला तर जेवणाच्या सुट्टीत, कार्यशाळेवर देखरेख करणारे ऑब्झर्व्हर आसपास नाहीत हे पाहून काढावा.

जेवणानंतरच्या सत्राला समोरच्या रांगेत बसू नये. 2019 पासून लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात व्याख्यानांचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त नसावा, हे याच वेळी सांगितले जाते. सांगण्याचे माध्यम अर्थातच व्याख्यान.

ऑस्कीचे, म्हणजे स्टेशनांवर घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेचे, सत्र मात्र जागे राहून ऐकावे. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथून 1975 मध्ये ही परीक्षापद्धत मांडली. घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या स्टेशनवर जातो. प्रत्येकाला तेच काम, तीच चेकलिस्ट. जुन्या व्हायवात एकाला 'वडील कुठे प्रॅक्टिस करतात?' आणि दुसऱ्याला बाराही क्रेनियल नर्व्हज, असा जो न्याय होई, त्याची इथे सोय नाही. म्हणूनच 'दीडशे विद्यार्थ्यांसाठी इतके परीक्षक आणायचे कुठून?' हा प्रश्न कोणीतरी उठून विचारतो. प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याचा चेहरा मात्र जरा जास्तच उजळलेला असतो.

शेवटच्या दिवशी मायक्रोटीचिंग. ही 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली युक्ती: पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून सहकारी, मग अभिप्राय आणि पुन्हा तोच पाठ. इथे विडंबन थोडे बाजूला ठेवावे लागते. वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला आपण वर्गाकडे पाठ करून पडद्याशीच बोलतो, हे इथे पहिल्यांदा कळू शकते. बायोकेमिस्ट्रीची नवखी सहायक प्राध्यापक शल्यचिकित्सेच्या सरांना "सर, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघा" असे सगळ्यांसमोर सांगू शकते; एरवी कॉलेजात हे घडणे अवघड. तीन दिवसांतला हाच तास वसूल. नेमक्या याच तासाला निघायची घाई सुरू होते.

निरोपापूर्वी फीडबॅक फॉर्म येतो. त्यात सगळीकडे 'उत्कृष्ट' लिहावे, चहा धरून. डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, परिणाम दिसला का. फॉर्ममध्ये पहिली भागते, पोस्ट-टेस्टमध्ये दुसरी, आणि तिथे अहवाल संपतो.

तेव्हा मेडिकल एज्युकेशन युनिटांना एक विनंती: सहा महिन्यांनी एखाद्याला वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसायला पाठवा आणि सरांचे तोंड कुठे आहे, एवढेच लिहून आणायला सांगा.